तृतीय वर्षाच्या नेटवर्क लॅबमध्ये एसडीएन (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) आणावं का?

लॅब_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तृतीय वर्षाचं कॉम्प्युटर नेटवर्क्स माझ्याकडे आहे, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही.

अडचण अशी आहे. मुलं ओएसआयचे सात लेयर घडाघडा म्हणून दाखवतात. हब आणि स्विचमधला फरक चार मुद्द्यांत लिहितात. पण व्हायवाला विचारलं, "स्विचकडे फ्रेम (डेटाचं एक पाकीट) आली, आता तो काय करतो?" तर उत्तर येतं, "पुढे पाठवतो." कुठल्या पोर्टवर? "ज्याची आहे त्याच्या." त्याला कसं कळतं कुणाची आहे ते? इथे सगळे गप्प. हुशार मुलांचंही हेच होतं, म्हणून दोष मुलांचा आहे असं मला वाटत नाही. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये स्विच हा शेवटपर्यंत बंद डबाच राहतो. पॅकेट ट्रेसरवर चित्र काढायचं, मॅन्युअलमधल्या कमांड टाकायच्या, दिवे हिरवे झाले की प्रिंट काढून जर्नलला लावायची. बॅचमधलं कुणीतरी एक जण फाइल करतं आणि ती पेनड्राइव्हवरून सगळीकडे फिरते.

मध्यंतरी एका एफडीपीत (शिक्षकांच्या प्रशिक्षणात) मिनिनेट आणि ओपनफ्लो पाहिलं. मिनिनेट एकाच संगणकात आभासी नेटवर्क उभं करतं, ओपनफ्लो म्हणजे स्विचला बाहेरून नियम देण्याचा प्रोटोकॉल. स्विचचा टेबल आपल्याला बाहेरून लिहिता येतो, वाचता येतो, पुसता येतो. तेव्हापासून डोक्यात आहे की हे तिसऱ्या वर्षाला वापरावं. एसडीएन, म्हणजे स्विचनं काय करायचं हे बाहेरच्या प्रोग्रॅमनं ठरवणं, ते शिकवायचं म्हणून नाही, मुलांना साधा स्विच आणि साधा राउटर कळावा म्हणून.

विभागप्रमुख म्हणतात, "आधी बेसिक पक्कं होऊ दे. एसडीएन फायनल इयरच्या इलेक्टिव्हला येईलच." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून विचारते: कुणी हे प्रत्यक्ष वर्गात केलंय का? सुरुवात कुठून केलीत? आमच्या मशीन आय३, ४ जीबी रॅम, विंडोजवर. इंटरनेट प्रॉक्सीतून, आणि त्याचा भरवसा नाही.

नॉक_रात्रपाळी

मॅडम, मी पुण्यात एका इंटरनेट प्रोव्हायडरच्या नॉकमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) आहे. फ्रेशर पोरांचे इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे कॉलेजातून काय शिकून येतात ते रोज बघतो. माझा याला विरोध आहे.

मी काय विचारतो? /२६ मध्ये होस्ट किती बसतात. ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, वाहणाऱ्या लिंकवरून) एक व्हीलॅन येतोय, दुसरा का येत नाही. ओएसपीएफचा (राउटरांनी आपसात रस्ते ठरवायच्या प्रोटोकॉलचा) नेबर एक्सस्टार्ट या टप्प्याला अडकलाय, आधी काय बघशील. यातल्या शेवटच्या प्रश्नाला एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) हे उत्तर फार कमी पोरं देतात. हे सोडून त्यांच्या हातात कंट्रोलर (स्विचना नियम देणारा प्रोग्रॅम) दिला तर आहे तेवढंही जाईल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एसडीएनमध्ये वर एक कंट्रोलर बसलेला असतो आणि त्याला सगळं नेटवर्क दिसतं. इंटरनेट असं चालत नाही. तिथे पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही. बीजीपी (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) बोलणारा राउटर शेजाऱ्यानं जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवतो, स्वतःचं धोरण लावतो आणि पुढच्या शेजाऱ्याला सांगतो. ज्या पोरानं पहिल्यांदा कंट्रोलर पाहिला त्याच्या डोक्यात "कुणीतरी वरून सांगतं" हे बसतं. ते नंतर काढणं अवघड जातं.

आणि काहीही करा, क्रिम्पिंग (केबलला कनेक्टर बसवणं) काढू नका. आजही माणसं येतात ज्यांना आरजे-४५ मधल्या तारांचा क्रम सांगता येत नाही.

रिकामा_टेबल

मॅडम, मी अमरावतीकडे शिकवतो आणि हे माझ्या लॅबमध्ये चालू आहे. नॉकवाल्या मित्राचे दोन्ही मुद्दे खरे आहेत, त्यांच्याकडे खाली येतो. पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम "हो" आहे. अट एकच, सुरुवात कंट्रोलरपासून करू नका. बहुतेक ठिकाणी पहिल्या तासाला ते तीन मजल्यांचं चित्र काढतात, ॲप्लिकेशन, कंट्रोल, डेटा. मग नॉर्थबाउंड, साउथबाउंड. मग एखाद्या मोठ्या कंट्रोलरचा डॅशबोर्ड. असं केलं की एसडीएन हा पाठ करायचा आणखी एक धडा होतो. सुरुवात रिकाम्या टेबलापासून करा.

पहिला तास मी असा घेतो. मिनिनेटमध्ये एक स्विच, तीन होस्ट, कंट्रोलरच्या जागी "नन". मॅक (नेटवर्क कार्डाचे पत्ते) सोपे ठेवण्याचा पर्याय द्यायचा, म्हणजे एच१ चा मॅक सगळी शून्यं आणि शेवटी ०१, एच२ चा ०२, एच३ चा ०३. मग पिंगऑल, म्हणजे प्रत्येक होस्टवरून बाकी सगळ्यांना पिंग. शंभर टक्के ड्रॉप, सहापैकी शून्य. मुलं लगेच आयपी बघतात, मास्क बघतात, लिंक बघतात. सगळं बरोबर असतं. इथे घाई करू नका, त्यांना शोधू द्या. दुकानातून आणलेला स्विच खोक्यातून काढून लावला की चालतो, त्यामुळे फ्रेम पलीकडे जाणं हा तारेचाच गुण आहे असं त्यांच्या मनात असतं. इथे तार आहे, पत्ता आहे, आणि तरी काही जात नाही, कारण काय करायचं हे स्विचला कुणी सांगितलेलंच नाही.

मग हाताने दोन नियम टाकायचे. पोर्ट १ वरून आलं तर २ ला दे, २ वरून आलं तर १ ला दे. एच१ आणि एच२ बोलू लागतात. पिंगऑल आता ६६ टक्के ड्रॉप दाखवतो, सहापैकी दोन. कुठले दोन, हे मुलांकडूनच काढून घ्या.

आता खरा भाग. ते नियम पुसा आणि सांगा, आलेलं पोर्ट बघू नका, फ्रेम ज्या मॅकला जायची आहे तो बघून नियम लिहा. ०१ ला जायची असेल तर पोर्ट १, ०२ ला पोर्ट २, ०३ ला पोर्ट ३. पुस्तकातला मॅक टेबल स्वतःच्या हातानं लिहिला म्हणून मुलं खूश असतात. एच१ वरून एच२ ला पिंग मारतात. चालत नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल." नीट वाचलं तर हा निरोप १०.०.०.१ कडून आलेला असतो, म्हणजे एच१ स्वतःच स्वतःला सांगतोय. पलीकडून काहीही आलेलं नाही.

इथे मी तोंड उघडत नाही. एच२ वर टीसीपीडम्प (येणारं-जाणारं पॅकेट दाखवणारी कमांड) लावायला सांगतो. कोरा. एच१ वर लावायला सांगतो. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा: १०.०.०.२ कोणाकडे आहे, १०.०.०.१ ला सांगा. टीसीपीडम्पला "ई" चा पर्याय दिलेला असला पाहिजे, नाहीतर मॅक दिसत नाहीत आणि सगळा तास फुकट जातो. मग कुणीतरी ती ओळ पूर्ण वाचतं. फ्रेम जायची आहे तो पत्ता सगळे एफ आहे. आणि सगळे एफ या पत्त्यासाठी टेबलात नियम नाही.

हे विचारणं म्हणजेच एआरपी, आयपीवरून मॅक शोधणं. ते काय असतं हे मुलांनी वाचलेलं असतं, त्याच्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं. एआरपी अडलं तर काय काय अडतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. चौथा नियम टाकायचा, सगळे एफ असेल तर फ्लड (बाकी सगळ्या पोर्टवर पाठव), आणि पिंग सुरू होतं. ब्रॉडकास्ट कशाला लागतो, आयपी पत्ता असूनही मॅक का विचारावा लागतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आलो. फळ्यावरून एवढं पोचत नव्हतं.

दुसऱ्या तासाला कंट्रोलर आणा, पण लहानसा. रायू या पायथनमधल्या कंट्रोलरसोबत लर्निंग स्विचचं उदाहरण येतं. त्यात सगळा जीव एका ओळीत आहे: या स्विचवर हा सोर्स मॅक या पोर्टवरून आला, लिहून ठेव. मी ती ओळ खोडून मुलांना प्रोग्रॅम देतो आणि विचारतो, काही बिघडलंय का? ती पिंगऑल मारतात. शून्य टक्के ड्रॉप. "सर, सगळं चालतंय." मग एच३ वर टीसीपीडम्प लावायला सांगतो. एच१ आणि एच२ मधलं सगळं संभाषण एच३ ला दिसत असतं. स्विचचा हब झालेला असतो. शिवाय पिंगच्या वेळा बघा: शिकणारा स्विच असला की पहिलं पिंग कंट्रोलरला विचारून जातं म्हणून काही मिलिसेकंद घेतं, पुढची एकदम खाली येतात, कारण नियम स्विचमध्ये उतरलेला असतो. ओळ खोडली की प्रत्येक पिंग कंट्रोलरच्या दारात जातं आणि वेळ वरच राहतो. पिंग चाललं म्हणजे नेटवर्क बरोबर आहे, ही समजूत इथे मोडते. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे.

तिसरा तास त्रिकोणाचा. तीन स्विच एकमेकांना जोडा, तोच लर्निंग स्विच चालू ठेवा आणि एक पिंग मारा. एकच एआरपी गोल गोल फिरत राहतो, कंट्रोलरच्या खिडकीत ओळींचा धबधबा सुरू होतो, मशीन गरम होते. कुणीतरी हमखास विचारतं, "सर, टीटीएल संपत कसा नाही?" टीटीएल, म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा, आयपीच्या हेडरमध्ये असतो, इथरनेटच्या नाही, आणि एआरपी आयपीत बसून जातच नाही. हा प्रश्न मुलांकडून येणं म्हणजे लेयर समजले. मग स्विचवर एसटीपी (लूप तोडणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल) चालू करा. तीस सेकंदं काही होत नाही, लिसनिंगची पंधरा आणि लर्निंगची पंधरा, तेवढा वेळ रेडिया पर्लमन यांच्याबद्दल सांगा. १९८५ साली डीईसीत असताना त्यांनी हा अल्गोरिदम काढला. कुठल्याच स्विचला पूर्ण नकाशा माहीत नसताना सगळ्यांनी मिळून लूप नसलेलं झाड कसं ठरवायचं, हा तो प्रश्न. त्यानंतर मुलांना सांगा की कंट्रोलरला पूर्ण नकाशा दिसतो, तिथे हेच झाड डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकलेल्या बीएफएसनं काढून दाखवा. दोन्ही केल्यावरच कुणाला काय किंमत मोजावी लागते हे कळतं.

नॉकवाल्या मित्राची भीती इथेच मिटते असं मी म्हणणार नाही. फक्त एसडीएन दाखवून सोडलं तर त्यांनी सांगितलेला घोटाळा होणारच. म्हणून चौथा तास मी वितरित राउटिंगला ठेवतो. मिनिनेटचा होस्ट ही वेगळी व्हर्च्युअल मशीन नसते, ती लिनक्सची एक नेटवर्क नेमस्पेस (आतला वेगळा नेटवर्क-कप्पा) असते. त्यामुळे एक तर ४ जीबीत डझनभर होस्ट आरामात चालतात, आणि दुसरं म्हणजे त्याच होस्टवर एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर) चढवून खरा ओएसपीएफ, खरा बीजीपी चालवता येतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सगळ्या होस्टची फाइल सिस्टिम एकच असते. एच१ वर बनवलेली फाइल एच२ वर दिसते आणि मुलांना वाटतं ती नेटवर्कवरून गेली. हे आधीच सांगा. आणि लिंकला बँडविड्थची मर्यादा घातली नाही तर आयपर्फ (वेग मोजायचं साधन) गिगाबिटांत आकडे दाखवतं. ते तुमच्या प्रोसेसरचं माप असतं, तारेचं नव्हे. १० एमबीपीएस अशी मर्यादा घालून मगच टीसीपीचे प्रयोग करा.

विभागप्रमुखांना सांगायला एक गोष्ट. हे सगळं मुळात विद्यापीठांसाठीच निघालं. २००८ साली ओपनफ्लोचा जो पेपर आला त्याच्या शीर्षकातच कॅम्पस नेटवर्क आहे. संशोधकांना आपल्याच विद्यापीठाच्या चालत्या नेटवर्कवर, रोजच्या ट्रॅफिकला धक्का न लावता प्रयोग करता यावेत, हा हेतू होता. निक मॅकिओन, जेनिफर रेक्सफर्ड, स्कॉट शेंकर यांच्या बरोबरीने लेखकांत गुरू पारुळकर हे नाव आहे. ते नाव वाचलं की आमच्या वर्गात माना वर होतात.

लॅब_तिसरा_मजला

सर, तुमचं उत्तर वाचून रिकाम्या टेबलाचा तास घरच्या लॅपटॉपवर करून बघितला. सगळे एफवाला क्षण वाचताना कळला होता, पण स्क्रीनवर बघताना अंगावर आला. हे मुलांना दाखवायचंच.

तीन गोष्टी अडल्या आहेत.

पहिली: फ्लडचा नियम टाकला, पिंग सुरू झालं. मग गंमत म्हणून तो नियम पुसला, तर पिंग चालूच राहिलं. बराच वेळ. वर्गात हे झालं तर उत्तर माझ्याकडे हवं.

दुसरी: रायू बसवलं, चालवताना "ऑलरेडी हँडल्ड" असं काहीतरी इंपोर्ट होत नाही म्हणून बंद पडतं.

तिसरी: कॉपी. पॅकेट ट्रेसरची फाइल फिरते तशी नियमांची फाइलही फिरेल. मार्क कशाला द्यायचे?

पायथन_तीन_आठ

मॅम, रायूचं मी सांगतो. नाशिकला तृतीय वर्षाला असताना आमच्या सरांनी हेच प्रॅक्टिकल घेतलं होतं, तेव्हा बॅचमध्ये इन्स्टॉलेशन माझ्या गळ्यात होतं. आता बंगळुरूत नेटवर्क ऑटोमेशनमध्ये आहे.

रायूवर आता नवीन काम होत नाही. पायथन आणि इव्हेंटलेट (रायूला लागणारी पायथन लायब्ररी) दोन्ही पुढे गेले, रायू तिथेच राहिला, म्हणून ती एरर येते. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पायथन ३.८ किंवा ३.९ घ्या आणि इव्हेंटलेट ०.३०.२ वर बांधून ठेवा. ती एरर जाते. ओपनस्टॅकवाल्यांनी रायूची एक फांदी ओएस-केन नावानं चालू ठेवली आहे, पण शिकवायला रायूची उदाहरणं जास्त सोपी पडतात. पॉक्स हा कंट्रोलर आणखी लहान आहे, वाचायला छान, फक्त ओपनफ्लो १.० पुरता.

प्रत्येक मशीनवर बसवत बसू नका. एक व्हर्च्युअलबॉक्स मशीन पूर्ण तयार करा, डेस्कटॉप न घेता नुसता उबुंटू सर्व्हर, १ जीबी रॅम पुरते. ओव्हीए (त्या मशीनची एकच फाइल) काढून पेनड्राइव्हनं सगळीकडे टाका, इंटरनेट लागतच नाही. विंडोजवरून पुटीनं आत शिरायचं. अर्ध्या मशीनवर व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्ये बंद असतं, ते लॅब असिस्टंटना आधी चालू करून ठेवायला सांगा, ऐन तासाला त्यात वेळ जातो. डेस्कटॉप नसल्यामुळे एक्सटर्म (होस्टची वेगळी खिडकी) उघडणार नाही. त्याची गरजही नाही. मिनिनेटच्या युटिल फोल्डरमध्ये "एम" नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. दुसऱ्या पुटीच्या खिडकीतून एम, मग होस्टचं नाव, मग कमांड, की ती कमांड त्या होस्टवर चालते. आणि मिनिनेट अर्धवट बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल तर एमएन मायनस सी मारायचं, जुने अवशेष साफ होतात. हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एक विद्यार्थी म्हणून सांगतो, मला त्रिकोण सगळ्यात जास्त लक्षात राहिला. कामावर पहिल्यांदा लूप पाहिला तेव्हा दिवे कसे लुकलुकतायत त्यावरून ओळखला.

रिकामा_टेबल

मॅडम, तुमची पहिली अडचण फार चांगली आहे, ती वर्गात मुद्दाम घडवून आणा. नियम पुसला तेव्हा एच१ च्या एआरपी कॅशेत एच२ चा मॅक आधीच बसलेला होता, त्याला विचारायची गरजच राहिली नव्हती. "आयपी नेबर फ्लश" मारा, पिंग जागेवर थांबतं. पण मग मुलं विचारतील, कॅशेतली नोंद जुनी झाल्यावर तरी अडायला हवं होतं. टीसीपीडम्प चालू ठेवून बघा. लिनक्स जुनी नोंद तपासताना लगेच ब्रॉडकास्ट करत नाही. आधी थेट त्या ओळखीच्या मॅकलाच एआरपी पाठवून विचारतो, अजून तूच आहेस का? ती फ्रेम ०२ ला जायची असते आणि ०२ चा नियम तुमच्या टेबलात आहे. म्हणून ती जाते, उत्तर येतं, नोंद पुन्हा ताजी होते. पुस्तकात एआरपी म्हणजे ब्रॉडकास्ट एवढंच असतं, इथे त्याचा दुसरा चेहरा दिसतो.

मार्कांचं: चाललेल्या प्रयोगाला मार्क देऊ नका, अंदाजाला द्या. मी प्रत्येक जोडीला वेगळा टेबल छापून देतो, आयपीचा शेवटचा आकडा त्यांचा रोल नंबर. एंटर मारायच्या आधी कागदावर लिहायचं, कुठलं पिंग जाईल, कुठलं जाणार नाही आणि का. कागद आधी गोळा करायचे, मग एंटर. अंदाज चुकला तर मार्क जात नाहीत, चूक का झाली हे त्याच कागदावर खाली लिहिलं की पूर्ण मार्क. कॉपी करायला त्यात काही उरत नाही. व्हायवाला मी फ्लो टेबल उघडून एका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, ही काढली तर? एक्स्टर्नललाही हे आवडतं, कारण त्यांना त्याच त्या व्याख्या ऐकून कंटाळा आलेला असतो.

जागा कुठून काढायची तर मी रिप या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलचं प्रॅक्टिकल काढलं आणि व्हीलॅनची दोन होती त्यांचं एक केलं. क्रिम्पिंग ठेवलंय. तुमच्या विद्यापीठाच्या यादीत किती सूट आहे ते आधी बघा.

नॉक_रात्रपाळी

मी परत आलो. माझं बीजीपीबद्दलचं म्हणणं मी मागे घेत नाही. पण वरचं वाचल्यावर एक गोष्ट सुचली आणि पाळी संपल्यावर करून बघितली, ती सांगतो. मला वाटतं तुमच्या चौथ्या तासाला ती हवी.

रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडला की आमच्याकडे दोन प्रकार होतात. फायबर थेट राउटरच्या पोर्टला असेल तर पोर्ट लगेच पडतं आणि ओएसपीएफ ताबडतोब दुसरा रस्ता धरतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असेल तर राउटरचं पोर्ट हिरवंच राहतं. त्याला वाटतं सगळं ठीक आहे. शेजारच्या राउटरचा हॅलो निरोप दर १० सेकंदाला यायचा तो येत नाही, आणि ४० सेकंदांचा डेड इंटरव्हल संपेपर्यंत ट्रॅफिक खड्ड्यात जातं. त्या ४० सेकंदांत आमचे फोन वाजायला लागतात. हे कुठल्याच पोराला माहीत नसतं.

मिनिनेटमध्ये दोन एफआरआर राउटर घेतले आणि मध्ये एक ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच) ठेवला. आधी राउटरचीच लिंक पाडली, नेबर लगेच गेला. मग लिंक तशीच ठेवून मधल्या स्विचचे नियम पुसले. दोन्हीकडे पोर्ट वर, आणि नेबर मात्र डेड इंटरव्हल संपल्यावर गेला. आमच्या फायबरचं हुबेहूब दुखणं, आणि एकाही तारेला हात न लावता.

मग पुढे गेलो. नियम असा टाकला की आयपी प्रोटोकॉल ८९ (म्हणजे ओएसपीएफ) असेल तर टाकून दे, बाकी सगळं जाऊ दे. पिंग व्यवस्थित, ओएसपीएफ मेलेला. त्यानंतर फक्त एका बाजूनं जाणारा ८९ अडवला, आर१ कडून आर२ कडे. आर२ ला काहीच ऐकू येत नाही, त्याच्याकडे नेबर दिसतच नाही. आर१ ला आर२ चे हॅलो येतात, पण त्यात आर१ चं नाव नसतं, म्हणून आर१ वर नेबर इनिटला अडकतो. इनिट म्हणजे "मला तू ऐकू येतोस, तुला मी येत नाही", हे पोरानं डोळ्यांनी बघितलं की इंटरव्ह्यूत अडखळायचं कारण नाही. खऱ्या राउटरवर हा फॉल्ट मुद्दाम तयार करायला फार खटपट करावी लागते. इथे एक ओळ.

तेव्हा माझं मत आता असं आहे: कंट्रोलर नंतर आला तरी चालेल. पण ज्याचा टेबल आपल्या हातात आहे असा स्विच जुने प्रोटोकॉल शिकवायला लॅबमध्ये असलाच पाहिजे.

लॅब_तिसरा_मजला

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. विभागप्रमुखांना इनिटचा प्रयोग दाखवला. एसडीएन हा शब्द काढला नाही, ओएसपीएफचं प्रॅक्टिकल म्हणूनच दाखवलं. त्यांनी स्वतः नियम पुसून बघितला, परत टाकला, आणि म्हणाले, "रिप काढा." तर या सत्रात चार तास: रिकामा टेबल, लर्निंग स्विच, त्रिकोण, आणि नॉकवाल्या दादांचा तुटलेला फायबर. क्रिम्पिंग आहे तसंच.

दादा, एक विनंती. तुमच्याकडे रोज येणारे फॉल्ट तुम्ही सांगाल का? मी त्यांचे व्हायवासाठी कागद करते.

नॉक_रात्रपाळी

नक्की. पहिला घ्या. स्विच स्टँडअलोनवर टाका, म्हणजे तो स्वतः शिकेल. एच१ आणि एच३ ला एकच मॅक द्या, आयपी वेगवेगळे राहू देत. एच१ आणि एच३ दोन्हीकडून एच२ ला एकाच वेळी पिंग चालू करा. दोन्हीकडे काही उत्तरं येतात, काही गळतात, आणि गळण्याला काही क्रम दिसत नाही. पोरांना आयपी, मास्क, केबल काय हवं ते तपासू द्या. मग एफडीबी शो (स्विचचा मॅक टेबल दाखवणारी कमांड) पुन्हा पुन्हा मारायला सांगा. तोच मॅक कधी पोर्ट १ वर दिसेल, कधी ३ वर. एकाच इमेजवरून व्हर्च्युअल मशीनच्या कॉप्या काढणाऱ्या ग्राहकांकडे हे वरचेवर होतं. बाकीचे रविवारी टाकतो.